हिवऱ्याच्या बागेतला डॉक्टर

माझ्या गच्चीवर सध्या तंबाखूची चार झाडे आहेत. वाचकांनी दचकू नये. मी तंबाखू खात नाही, ओढत नाही, आणि आमच्या घरात त्या पानाचे नाव काढायचीही सोय नाही. माझे थोरले बंधू या व्यसनापायी गेले. तीस-बत्तीस वर्षे चुन्याची डबी त्यांच्या खिशात होती. शेवटच्या सहा महिन्यांत मऊ भाताचा घासही तोंडात घेता येईना. तेव्हा चार वर्षांपूर्वी मी पहिले रोप कुंडीत लावले त्या दिवशी आमच्या मंडळींनी माझ्याशी अबोला धरला, यात त्यांचे काही चुकले असे मला वाटत नाही. तिसऱ्या दिवशी त्या बोलल्या, पण एवढेच, की सगळ्या जगातली झाडे सोडून तुम्हाला हेच कसे सुचले.

सुचले ते माव्यामुळे. जास्वंदीच्या आणि कागदी लिंबाच्या कोवळ्या शेंड्यांवर मावा इतका बसला होता की पाने चिकट होऊन मुंग्यांच्या रांगा लागल्या होत्या. भीमाशंकरच्या डोंगरालगतच्या एका गावात मी अकरा वर्षे शाळामास्तर होतो. तिथली एक आजी, माझ्या एका विद्यार्थ्याची पणजी, आपल्या परसात दोन-चार तंबाखूची झाडे कायम राखून असे. पान भिजवून त्याचे पाणी ती घेवड्याच्या वेलावर मारायची. तिच्याकडे गेलो, तर तिने जुन्या लुगड्याच्या चिंधीत बांधलेली बियांची पुरचुंडी हातावर ठेवली. बी कसले, तपकिरी पूडच ती! एका ग्रॅममध्ये दहा-बारा हजार दाणे भरतात. श्वास सोडताना जपावे लागते.

तेवढ्यावर आजी थांबली नाही. घोडेगावात गच्चीवर लावणार म्हटल्यावर तिने मला नीट बजावले. आधी माती भाजून घ्यायची. पाला, शेणी, काटक्या यांचा थर मातीवर देऊन पेटवायचा, राख मातीतच मिसळायची, आणि मग पेरायचे. म्हणजे राब. आमच्या पश्चिम पट्ट्यात भाताचे आणि नाचणीचे रोप टाकण्यापूर्वी पिढ्यान्‌पिढ्या करतात तोच राब, फक्त तेलाच्या पत्र्याच्या डब्यात! मी मनात हसलो, आणि शिकलेला माणूस म्हणून बाजारातली रोपवाटिकेची माती आणून थेट त्यात पेरले. रोपे दुपानी झाली आणि एका रात्रीत देठाशी काळी पडून आडवी झाली. दुसऱ्या खेपेला मुकाट्याने राब भाजला. त्या खेपेची रोपे जगली.

कुणाला उत्सुकता असेल म्हणून सांगतो. बी चाळलेल्या राखेत कालवून ओल्या मातीवर नुसते भुरभुरायचे, वर माती लोटायची नाही; त्याला उजेड लागतो. पाणी वरून ओतायचे नाही, डबा परातीत ठेवून खालून शोषू द्यायचे. चाळीस-पंचेचाळीस दिवसांत रोप वीतभर झाले की एका कुंडीत एकच लावायचे. कुंडी निदान बारा इंची हवी, किंवा पंधरा किलोचा तेलाचा डबा, बुडाला सात-आठ भोके पाडलेला. पोयट्याची माती, कुजलेले शेणखत आणि वाळू. पाणी साचले की हे झाड दोन दिवसांत माना टाकते. कळ्या दिसल्या की शेंडा खुडायचा, मग बगलेतून फूट येते तीही काढत राहायची; तेव्हा कुठे खालची पाने हातभर होतात. बियांसाठी एक झाड मात्र न खुडता ठेवायचे. काढा करताना हातात मोजे घालायचे, कारण त्यातले निकोटिन कातडीतूनही अंगात शिरते. आणि तो टोमॅटो-मिरचीवर कधी मारायचा नाही.

ही शेवटची गोष्ट मला नारायणगावच्या बाजारात टोमॅटो घालणाऱ्या एका शेतकऱ्याने सांगितली. त्याच्या नर्सरीत तंबाखू मळलेल्या हाताने रोपाला शिवायला बंदी आहे. तंबाखूच्या पानावर हिरवट-पिवळे ठिपके पाडणारा रोग टोमॅटोवर जातो, तो वाळल्या पानातही जिवंत राहतो आणि बोटांवरून पसरतो. अडॉल्फ मायर नावाच्या शास्त्रज्ञाने हॉलंडमध्ये १८८६ साली त्याचे वर्णन केले. विषाणू म्हणून काही असते हे माणसाला पहिल्यांदा कळले ते याच रोगावरून. तंबाखू, टोमॅटो, मिरची, वांगे, बटाटा, धोतरा ही सगळी एकाच कुळातली भावंडे, म्हणून एकाचे दुखणे दुसऱ्याला लागते. त्याच कुळात आणखी एक झाड आहे, खुरासनी ओवा. नावात ओवा असला तरी ओव्याशी त्याचे काही नाते नाही. विषारीच, पण मोजून दिले तर पेटके थांबवणारे, झोप आणणारे. या खुरासनी ओव्याबद्दल वाचत असताना एका जुन्या ग्रंथात मला आमच्याच जुन्नर तालुक्यातल्या हिवऱ्याचे नाव दिसले, आणि त्याच्यापुढे डॉक्टर गिब्सनचे. तेव्हापासून हा माणूस माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

अलेक्झांडर गिब्सन हे नाव वनखात्यातल्या माणसांना आणि वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना परके नाही. भारतातल्या पहिल्या वनसंरक्षकांमध्ये त्याचे नाव घेतात. पण तो आमच्या मातीत किती वाकून काम करीत होता, हे आमच्या दोन तालुक्यांत फारसे कुणी सांगत नाही. त्याचा जन्म २४ ऑक्टोबर १८०० चा, स्कॉटलंडच्या ईशान्येकडील लॉरेन्सकर्क या लहानशा गावचा. एडिंबरोला तो वैद्यक शिकला. त्या काळी डॉक्टर होणे म्हणजे अर्धे माळीकाम शिकणेच होते. औषधे यायची ती झाडपाल्यातून. विद्यापीठाच्या बागेत उभे राहून पान ओळखता आले नाही तर रोग्याला द्यायचे काय? त्यामुळे कंपनी सरकारच्या नोकरीत त्या विद्यापीठातून जे डॉक्टर आले, त्यांतले कितीतरी पुढे वनस्पतींच्याच मागे लागले. गिब्सन १८२५ साली मुंबई इलाख्याच्या वैद्यकीय सेवेत दाखल झाला. पेशवाई बुडून सातच वर्षे झाली होती.

पुढे त्याच्याकडे दख्खन आणि खानदेशात देवी टोचण्याचे काम आले. मला त्याच्या आयुष्याचा हाच भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. हिंदुस्थानात पहिली लस टोचली गेली ती मुंबईत, १४ जून १८०२ रोजी, ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला. पण बर्फ नाही, शीतपेटी नाही. लस टिकवायची ती एका मुलाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर, आठवड्यामागून आठवडा, साखळी तुटू न देता. म्हणजे टोचणाऱ्या डॉक्टरला गावोगाव हिंडणे आले, आयांची मनधरणी करणे आले, आणि त्यासाठी त्यांची भाषा येणे आले. गिब्सन हिंदुस्थानी, गुजराती आणि मराठी शिकला. कचेरीत बसणाऱ्या साहेबाला जे कधी दिसत नाही ते अशा हिंडणाऱ्याला दिसते. कोणत्या गावचा झरा चैत्रात आटतो, कुठल्या डोंगरावर पूर्वी रान होते आणि आता नाही, कुठल्या वाटेला बायकांना पाण्यासाठी कोसभर जावे लागते. ही शिदोरी त्याला पुढे आयुष्यभर पुरली.

१८३८ मध्ये त्याच्याकडे पुण्याजवळच्या दापोडीची सरकारी बाग आली. आज दापोडी म्हटले की लोकल गाडीचे स्टेशन आठवते. पेशव्यांच्या पदरी कवायती पलटणीचा अधिकारी असलेल्या कॅप्टन फोर्डचा तिथे नदीकाठी बंगला होता. गव्हर्नर सर जॉन माल्कम याने तो सरकारसाठी घेतला आणि १८२८ साली तिथे वनस्पतींची बाग सुरू केली. हौसेची बाग नव्हती ती. इंग्लंडहून येणारी औषधे केप ऑफ गुड होपला वळसा घालून महिनोन्‌महिने जहाजात कुजायची, त्यांचे दाम मोजून कंपनी मेटाकुटीला आलेली. तीच औषधे इथे पिकली तर हवी होती. शिवाय परदेशी ऊस, कापूस, फळझाडे, जे जे रुजेल आणि महसूल वाढवेल ते हवे होते.

दापोडीखेरीज आमच्या हिवऱ्याची बागही गिब्सनच्या हाताखाली होती. जुन्नरकडची जमीन पुण्यापेक्षा उंचावर, हिवाळ्यात थंडी चांगली, आणि ओढ्याओहोळांना पाणी. तिथे सोनामुखी, खुरासनी ओवा यांच्यासारखी औषधी पिके घेऊन, त्यांची पाने वाळवून किंवा अर्क आटवून मुंबईच्या सरकारी औषध भांडाराकडे रवाना होऊ लागली. खुरासनी ओव्याचे बी तंबाखूइतके नाही, पण बारीकच. तेही ओलाव्याने कुजते, तेही रोपातच आडवे पडते. माझ्या डब्यातली रोपे एका रात्रीत गेली तेव्हा मला किती हळहळ वाटली! मग ज्याच्या रोपांवर इस्पितळे अवलंबून होती त्याच्या जिवाचे काय होत असेल?

त्याच सुमाराला जगभर झाडांचा प्रवास सोपा होऊ लागला होता. लंडनच्या नॅथॅनिएल वॉर्ड या डॉक्टरला एका बंद काचेच्या बाटलीत आपोआप उगवलेले नेच्याचे रोप दिसले. मातीतला ओलावा काचेवर जमतो, पुन्हा मातीत उतरतो, आणि झाड पाणी न घालता महिनोन्‌महिने जगते, हे त्याने ताडले. १८३३ साली अशा काचपेट्यांतून त्याने ऑस्ट्रेलियापर्यंत झाडे पाठवली. पूर्वी जहाजाच्या डेकवरच्या कुंड्यांतली झाडे खाऱ्या वाऱ्याने मरायची. आता ती पोचू लागली. चहा याच पेट्यांतून चीनमधून हिंदुस्थानात आला. माझ्या गच्चीवरच्या तंबाखूचे पूर्वज मात्र त्याहून जुने प्रवासी. अमेरिकेतले हे झाड पोर्तुगीजांबरोबर या किनाऱ्यावर उतरले, आणि अकबराच्या दरबारात ते पहिल्यांदा गेले तेही आपल्या दख्खनमधूनच. असद बेग नावाच्या त्याच्या सरदाराने विजापूरहून परतताना ते नेले. ते साल १६०४ च्या आसपासचे.

असो. माणूस जर एवढ्यावर थांबता तर मी त्याच्यावर लिहायला बसलो नसतो. परदेशी झाड आणून आपल्या वाफ्यात जगवणारे माळी पुष्कळ झाले. गिब्सनचे वेगळेपण असे की, वाफ्यात वाकलेली त्याची नजर पश्चिमेच्या डोंगराकडे गेली. हिवऱ्याची बाग ज्या पाण्यावर जगत होती ते पाणी येत होते कुठून? जुन्नर आणि आंबेगावची सगळी नदीनाली सह्याद्रीच्या माथ्यावरच्या रानातून उतरतात. भीमाशंकरला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस कोसळतो, आणि तिथून मंचरकडे यावे तो पाव हिश्श्यावर येतो. माथ्यावरचे रान तो पाऊस अडवते, मुरवते, आणि पुढे सहा-सात महिने थेंबथेंब सोडत राहते.

१८४० नंतरची वर्षे रानाच्या मुळावर आलेली होती. मुंबईच्या गोदीत जहाजे बांधायला सागवान हवे होते, पेशवाईत राखलेली राने ठेकेदारांना मोकळी झाली होती, शहरांना जळण आणि कोळसा लागत होता. गिब्सनने सरकारला कळवायला सुरुवात केली की कोकणात रान तुटले तिथले झरे आटले, पूर्वी बारमाही वाहणारे ओढे उन्हाळ्यात कोरडे पडले, आणि गावे ओस पडू लागली. एका सरकारी नोकराने सरकारच्याच लाकडाच्या भुकेबद्दल हे लिहिणे म्हणजे सोपे नव्हते. १८५० साली ब्रिटिश असोसिएशनने उष्ण प्रदेशांतल्या जंगलांच्या नाशाबद्दल एक समिती नेमली. तिच्या अहवालात गिब्सनची निरीक्षणे आली. जंगल आणि हवामान यांचा संबंध जगाच्या वेशीवर ज्यांनी टांगला त्यांच्यात हिवऱ्याचा हा डॉक्टर होता.

त्याच्या सगळ्याच म्हणण्याला आज मान तुकवता येणार नाही. रान तोडल्याने पाऊसच पडेनासा होतो, असे त्या काळच्या पुष्कळांप्रमाणे त्यालाही वाटत होते. सह्याद्रीवरचा पाऊस समुद्रावरून येणारे वारे डोंगराला अडल्यामुळे पडतो, तो झाडे तोडली म्हणून थांबत नाही. पण पडलेले पाणी जमिनीत उतरते की माती घेऊन पळून जाते, हे रानावरच ठरते. ज्या झऱ्यांसाठी तो भांडला ते भांडण खरे होते.

१८४७ मध्ये मुंबई सरकारने त्याला वनसंरक्षक नेमले. हिंदुस्थानातला हा पहिला वनसंरक्षक असे सर्रास लिहिले जाते. काटेकोर बोलायचे तर मलबारात १८०६ साली कॅप्टन वॉटसन याला ते पद मिळाले होते. पण त्याने सागवानाच्या मक्तेदारीपायी इतका रोष ओढवून घेतला की १८२३ मध्ये ते पदच रद्द झाले. टिकलेले पहिले खाते गिब्सनचेच. गुजरातपासून कानड्यापर्यंतच्या रानांचा कारभार या एका माणसावर, हाताखाली मूठभर माणसे, आणि वाहन म्हणजे घोडा.

याच काळात त्याने दापोडीच्या बागेतल्या आणि रानातल्या झाडांची चित्रे काढून घेतली. १८४७ ते १८५० या तीन वर्षांत दीडशेहून अधिक चित्रे झाली. आज ती एडिंबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये आहेत. हेन्री नॉल्टी यांनी त्यांच्यावर २००२ साली सुंदर पुस्तक काढले. मी त्यातली चित्रे पाहिली. पानाच्या शिरा, देठावरची लव, कळीचा पीळ, सगळे असे की हात लावून पाहावे. काढणारा चित्रकार पोर्तुगीज वंशाचा हिंदी माणूस होता एवढेच नोंदलेले आहे. त्याचे नाव कुणी लिहून ठेवले नाही. हिवऱ्याच्या वाफ्यात बसून रोपे उपटणाऱ्या, पाणी शिंपणाऱ्या, डोंगरावरून फांदी आणून हे अमुक झाड असे साहेबाला सांगणाऱ्या आमच्या माणसांची नावे तर दूरच राहिली. गिब्सनवर माझा जीव जडला असला तरी ही गोष्ट मला टोचते.

आणि याहून टोचणारी दुसरी. डोंगरउतारावरचा एक पट्टा तोडायचा, जाळायचा, दोन-तीन वर्षे त्यावर नाचणी-वरी घ्यायची, आणि मग तो पट्टा पुन्हा रान व्हायला सोडून पुढे जायचे, या शेतीला कानड्यात कुमरी म्हणत, आपल्याकडे दळी. गिब्सनने कुमरीला विरोध केला, ती आवळत न्यावी अशी शिफारस केली. झऱ्यांसाठी भांडणाऱ्याला जळता डोंगर पाहवला नसणार, हे मी समजू शकतो. पण ठेकेदाराची कुऱ्हाड आणि कोळ्या-ठाकराची कोयती त्याने एकाच मापाने मोजली. त्याच्या वेळी नियम तसे सैल होते. पुढे १८६५ चा आणि मग १८७८ चा जंगल कायदा आला, राखीव रानाच्या हद्दीचे दगड पडले, आणि ज्यांच्या आज्या-पणज्यांनी त्या डोंगरावर हिरडा वेचला त्यांना तिथे पाय ठेवायला परवाना लागू लागला. राबासाठी फांदी तोडणे हाही गुन्हा होऊ लागला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतून त्याबद्दल इतकी ओरड झाली की सरकारला मुंबई फॉरेस्ट कमिशन नेमावे लागले. त्याचा अहवाल १८८७ चा आहे. राब म्हणजे अडाण्यांची जाळपोळ की शेतीची खरी गरज, यावर कमिशनपुढे माणसे हिरिरीने भांडली.

आता गंमत पाहा. तंबाखूची रोपवाटिका करताना वाफ्यावर पालापाचोळा, भुसा, काड्या पेटवून माती भाजावी, म्हणजे रोपे कोलमडवणारी बुरशी, सूत्रकृमी आणि तणाचे बी मरते, अशी शिफारस आज कृषी संशोधन केंद्रे करतात. इंग्रजी पुस्तकांत त्या क्रियेला रॅबिंग असे नाव आहे. आमच्या राबालाच इंग्रजी प्रत्यय! जी गोष्ट शिक्षा भोगून शेतकऱ्याने टिकवली तीच शास्त्राने नाव न बदलता उचलली. आजीने मला पहिल्याच दिवशी सांगितलेली, आणि मी पहिल्या खेपेला हसण्यावारी नेलेली गोष्ट ती हीच. गिब्सनला मराठी येत होते. हिवऱ्याच्या एखाद्या पहाटे, वाफ्यातली रोपे आडवी पडलेली असताना, पश्चिमेकडच्या कुणा म्हातारीने त्याला राब भाजायला सांगितले असते, तर त्याने ऐकले असते का? मला वाटते ऐकले असते. रोपे मेलेला माणूस कुणाचेही ऐकतो.

रान राखण्याची अक्कलही काही साहेबाबरोबर आली नव्हती. आंबेगावच्या आहुप्याला देवराई आहे. तिथल्या झाडाच्या काटकीलाही हात लावायचा नाही हा नियम कुठल्याच कायद्यात लिहिलेला नव्हता, तो देवाच्या धाकाने पाळला जात होता. भीमाशंकरच्या देवळाभोवतीचे गर्द रान उरले त्यातही त्या धाकाचा वाटा मोठा आहे. त्या देवळाचे शिखर नाना फडणविसांनी बांधले. ते बांधताना भोवतालची झाडे तोडून मोकळे मैदान करावे असे कुणालाही सुचले नाही, हे किती बरे झाले! १९८५ मध्ये या भागाचे अभयारण्य झाले, सुमारे १३१ चौरस किलोमीटरचे, आणि शेकरूला सरकारी संरक्षण मिळाले. पण त्या अभयारण्यात शेकरूखेरीज माणसेही राहतात. त्यांच्या हिरड्याचे, त्यांच्या खाचरांचे आणि त्यांच्या वाटांचे भांडण गिब्सनच्या वेळेपासूनचेच, फक्त कागद बदलत गेले.

गिब्सन १८६० साली निवृत्त होऊन मायदेशी परतला. पुढच्याच वर्षी मुंबईत भायखळ्याच्या छापखान्यातून द बाँबे फ्लोरा हा ग्रंथ बाहेर पडला. निकोल डालझेल आणि अलेक्झांडर गिब्सन अशी जोडनावे त्यावर आहेत. डालझेल हा जकात खात्यातला अधिकारी; गिब्सननंतर वनसंरक्षकाचे पदही त्याच्याकडेच आले. मुंबई इलाख्यातल्या रानटी वनस्पतींची शास्त्रशुद्ध वर्णने एकत्र देणारा हा ग्रंथ. त्याआधी टपाल खात्यातल्या जॉन ग्रॅहमने १८३९ साली झाडांची यादी केली होती, पण बिचारा ती पुरी होण्यापूर्वीच खंडाळ्याला वारला आणि मित्राने ती पूर्ण केली. जकातवाला, टपालवाला आणि देवी टोचणारा डॉक्टर, अशा तिघांनी आपल्या सह्याद्रीतल्या झाडांना शास्त्राच्या वहीत जागा दिली. फ्लोराच्या शेवटी परदेशातून आणून बागांत लावलेल्या झाडांची वेगळी पुरवणी आहे. रानातली झाडे एकीकडे, कुंडी-वाफ्यातली दुसरीकडे. गिब्सनच्या आयुष्याचे दोन भागच जणू.

१६ जानेवारी १८६७ रोजी स्कॉटलंडमध्ये तो वारला. दापोडीची बाग त्याच सुमारास मोडली, आणि पुढे गणेशखिंडीत नवी झाली. पुण्याहून विद्यार्थी झाडे पाहायला आजही तिथे जातात.

यंदा मी चौथ्यांदा राब भाजला. आमच्या मंडळी आता काही बोलत नाहीत. मात्र काढ्याचे भांडे स्वयंपाकघरात आलेले त्यांना चालत नाही, ते गच्चीवरच्या मोरीतच ठेवावे लागते. बियांसाठी राखलेल्या झाडाची बोंडे माघात वाळली. त्याच आठवड्यात आजीचा पणतू मंचरच्या बाजाराला जाता जाता घरी आला. आजी थकली आहे, पण डोके शाबूत आहे. गेल्या पावसाळ्यात घराची मागची भिंत खचली आणि पुरचुंडीसकट परसातले सगळे वाहून गेले, तेव्हा गुरुजींकडे आपले बी असेल तर घेऊन ये, असे तिने सांगून पाठवले होते. मी गच्चीवर जाऊन तीन बोंडे काडेपेटीत झाडली, वरून कागदाची पट्टी चिकटवली आणि ती त्याच्या शर्टाच्या वरच्या खिशात ठेवली. खिशाला गुंडी नव्हती. मंडळींनी सुईदोरा आणला, आणि त्याला उभ्याचा खाली बसवून तो खिसा वरून शिवून टाकला.